प्लास्टिक सोडलं आणि माल खराब व्हायला लागला, आता परत फिरू का?

पत्र थोडक्यात असं: आम्ही दोघी बहिणी तीन वर्षांपासून घरून छोटा व्यवसाय करतो. मी भाजलेल्या बिया आणि सुकामेव्याचं मिक्स करते, शिवाय बिस्किटं. धाकटी हाताने साबण बनवते. ऑर्डर ऑनलाइन येतात, माल कुरिअरने जातो. वर्षभरापूर्वी काही ग्राहकांनी विचारलं की तुम्ही प्लास्टिक का वापरता, मलाही ते खुपतच होतं, म्हणून सगळं कागदी पाउचमध्ये आणलं आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'प्लास्टिकमुक्त' छापून घेतलं. तेव्हापासून तक्रारी थांबत नाहीयेत. बिस्किटं मऊ पडतात, मिक्सला खवट वास येतो, एका ग्राहकाने तर बिस्किटांना साबणाचा वास येतो म्हणून कळवलं. परत आलेला माल फेकून द्यावा लागतो. बहीण म्हणते मुकाट्याने जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर जाऊ या. मला वाटतं तत्त्वासाठी थोडं नुकसान सोसायला हवं, आणि परत फिरलो तर लोक काय म्हणतील? कागदी पाउचही बरेच उरलेत. काय करू?

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तत्त्व, ग्राहक, बहिणीशी होणारे वाद, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय, पण एक वाक्य मात्र जाता जाता लिहून टाकलंय, 'परत आलेला माल फेकून द्यावा लागतो'. माझ्या मते सगळी गोम त्याच वाक्यात आहे. तो माल म्हणजे काय ते बघा ना जरा. कुणीतरी ते पीक घेतलं, पाणी दिलं, काढणी केली, गाडीने ते तुमच्यापर्यंत आलं, तुम्ही गॅस जाळून भाजलं, निवडलं, भरलं, कुरिअरने पाठवलं, तिथे ते खवट निघालं, परत आलं आणि कचऱ्यात गेलं. ज्या पाउचने हे सगळं टळलं असतं त्याचं वजन जेमतेम काही ग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला त्यानुसार २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हे सगळं पॅकिंगमुळे झालं असं अजिबात नाही. पण तुमच्या घरातून जे फेकलं जातंय ते मात्र पॅकिंगमुळेच जातंय, आणि त्यालाच तुम्ही तत्त्वासाठी सोसलेलं नुकसान म्हणताय. ते नुकसान पर्यावरणाच्या खात्यात जमा होत नाहीये हो, तिथेही ते खर्चातच पडतंय.

तुमचं चुकलं असं म्हणायला मी बसलेले नाही. प्लास्टिकबद्दल तुमच्या मनात जी बोच आहे ती खरी आहे आणि ती राहायला हवी, त्यावर खाली लिहितेच. पण बहिणीचं उत्तर आणि तुमचं उत्तर, दोन्ही एकाच प्रश्नाची आहेत, 'कागद की प्लास्टिक', आणि मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. आधी हे विचारा की आपली वस्तू नेमकी कशाने बिघडते. तुमच्याकडे तीन वस्तू आहेत आणि तिघींचं दुखणं वेगवेगळं आहे, औषध मात्र तुम्ही सगळ्यांना एकच दिलंत.

बिस्किटं घ्या. ती बिघडतात ओलाव्याने. भाजून त्यांच्यातलं पाणी जवळजवळ संपवलेलं असतं, त्यामुळे हवेतली वाफ ती लगेच ओढून घेतात आणि कुरकुरीतपणा जातो. कागद यात काहीच मदत करत नाही, कारण कागद म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोजला स्वतःलाच ओल धरायची सवय. सेलोफेन आठवतंय? स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडेनबर्गर या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते याच सेल्युलोजपासून बनवलं, काचेसारखं आरपार दिसणारं, सुंदर, पाण्याचे थेंब अडवणारं, पण वाफ मात्र त्यातून बिनदिक्कत आत जायची. १९२७ मध्ये ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी त्यावर ओलावा अडवणारा अगदी पातळ थर चढवला, तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांसाठी खऱ्या अर्थाने कामाला आलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा अडचण हीच होती जी आज तुमच्या ओट्यावर आहे, आणि तेव्हाही मार्ग एका पातळ थरातूनच निघाला.

मिक्सचं तसं नाही. बियांमध्ये आणि सुकामेव्यात तेल असतं, त्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागला की खवटपणा येतो, उजेड आणि उष्णता असेल तर आणखी लवकर. आता इथे तुमच्या बहिणीला एक सांगायचंय, कारण पत्र तीही वाचेलच. जुन्या पिशव्या म्हणजे नुसत्या पातळ पॉलिथिनच्या पारदर्शक पिशव्या असतील, आणि बहुतेक तशाच असणार, तर त्या मिक्ससाठी तशाही योग्य नव्हत्या. पॉलिथिन ओलावा छान अडवतं पण ऑक्सिजन त्यातून बऱ्यापैकी सहज जातो. आधी तक्रारी आल्या नाहीत कारण तेव्हा ऑर्डर कमी असणार, तुम्ही ताजं करून लगेच पाठवत असणार आणि लोक आठवडाभरात संपवत असणार. आता माल जास्त दिवस पडून राहतो. त्यामुळे नुसतं जुन्यावर गेलात तर बिस्किटं सुधारतील, मिक्सचं रडगाणं चालूच राहील.

आणि साबण! साबणाला तर बंद प्लास्टिक नकोच आहे. हाताने केलेला साबण आठवडे-आठवडे वाळत असतो, त्याला हवा लागते, नीट वाळायच्या आधी घट्ट बंद केला तर त्याचंच पाणी आत अडकतं आणि साबण चिकट होतो. त्याला कागदाची पट्टी किंवा कागदी डबी एकदम बरोबर. म्हणजे तुमचा कागदाचा निर्णय तिनातल्या एका वस्तूसाठी अगदी योग्य होता, आणि ती वस्तू बहिणीची आहे, हे तिला मुद्दाम सांगा. फक्त साबण आणि बिस्किटं एका खोक्यात पाठवू नका. सुगंध कागदातून तर जातोच, पातळ पॉलिथिनमधूनही जातो, त्या ग्राहकाला आलेला वास खराच होता.

मग घ्यायचं काय? इथे थोडं तपशिलात जाते, कारण पत्र तुमचं असलं तरी हाच घोळ मसाले, पावडरी, चहा-कॉफी, वाळवलेली फळं असं काहीही विकणाऱ्यांचा असतो. पॅकिंगवाल्याकडे गेलात की तो विचारेल 'किती मायक्रॉन', म्हणजे फिल्मची जाडी, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लोकांना वाटतं जाड म्हणजे चांगलं, म्हणून नुसती जाडी वाढवत जातात. पण जाडीपेक्षा फिल्म कशाची आहे यावर जास्त अवलंबून असतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन ओलाव्याला पक्के, ऑक्सिजनला ढिले. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, ऑक्सिजन त्यांच्यापेक्षा बराच चांगला अडवतं. फिल्मवर अॅल्युमिनियमची वाफ बसवलेली असेल, ती चंदेरी दिसणारी मेटलाइज्ड फिल्म, तर ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड तिन्ही बऱ्यापैकी थांबतात. ईव्हीओएच नावाचा एक थर असतो, तो ऑक्सिजन अडवण्यात सगळ्यांच्या वरचा, पण ओला झाला की त्याचा जोर कमी होतो म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी कोरड्या थरांच्या मध्ये ठेवतात. ही नावं पाठ करायची गरज नाही. विक्रेत्याकडे त्या फिल्मची डेटाशीट मागा, त्यात दोन आकडे असतात, दिवसाला किती वाफ आत जाते आणि किती ऑक्सिजन जातो, दोन्ही जितके कमी तितकं बरं. बिस्किटांसाठी पहिला बघा, मिक्ससाठी दुसराही बघा. जो विक्रेता डेटाशीट देऊ शकत नाही आणि फूड ग्रेडचं सर्टिफिकेटही दाखवत नाही, त्याच्याकडून खाण्याच्या वस्तूचं पॅकिंग घेऊ नका, कितीही स्वस्त देत असला तरी.

आता सील. मी लिहायला लागायच्या आधी काही वर्षं पॅकिंगच्या कामात होते. एकदा चांगल्यातली चांगली फिल्म घेऊनही बिस्किटांचे पुडे मऊ पडून परत आले, आम्ही फिल्मवाल्याशी भांडलो, ओव्हन तपासला, रेसिपीवर संशय घेतला, आणि शेवटी एका जुन्या बाईंनी पुडा उजेडासमोर धरून दाखवला. सीलच्या पट्टीत साखरेचा एक कण अडकला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी बारीक वाट राहिली होती, जणू बोगदाच. तसले शेकडो पुडे. भरताना पाउचच्या तोंडाला चुरा लागत होता आणि कुणी पुसत नव्हतं, बस एवढंच. त्या दिवसापासून फिल्म कुठली हे विचारायच्या आधी मी सील बघते.

पाउचला बहुतेक वेळा आतून पॉलिथिन असतं ते याचसाठी, ते साधारण ११० अंशांच्या आसपास वितळतं आणि चिकटतं, बाहेरचं पीईटी वितळायला २५० अंशांच्या घरात जावं लागतं म्हणून बाहेरची बाजू आणि छपाई शाबूत राहते. तुमच्या सीलिंग मशीनचं तापमान, दाब आणि किती सेकंद धरता या तिन्हींचा मेळ बसायला हवा, आणि सील गरम असताना ओढून बघू नका, थंड होऊ द्या. रोज भरलेल्या मालातला एखादा पाउच बादलीभर पाण्यात पूर्ण बुडवा आणि हलकेच दाबा. बुडबुड्यांची बारीकशी रेघ दिसली की कुठून गळतंय ते तिथल्या तिथे कळतं. यासाठी कसलंही यंत्र लागत नाही. आणि माल पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नका, कोमट बिस्किटं बंद केली तर आतल्या आत घाम सुटतो, मग बाहेरून ओलावा यायचीही गरज उरत नाही, आणि इथे प्लास्टिक जितकं चांगलं तितकं नुकसान जास्त कारण ती वाफ बाहेरच जात नाही. मिक्ससाठी ऑक्सिजन शोषणारी छोटी पुडी टाकता येते, तिच्यात लोखंडाची भुकटी असते. सिलिका जेलची पुडी वेगळी, ती फक्त ओलावा ओढते, लोक दोन्हींची गल्लत करतात. पण पाउचच हवा आत घेत असेल तर कुठलीच पुडी फार दिवस पुरत नाही.

प्लास्टिकच्या पॅकिंगचे बाकी फायदे तुम्हाला माहीत असतीलच. हलकं असतं, काचेच्या बरणीच्या तुलनेत कित्येक पटींनी, त्यामुळे त्याच गाडीत जास्त माल जातो आणि वाटेत फुटत नाही. झिप असली तर ग्राहकाचं उघडलेलं पाकीटही टिकतं. एक फायदा मात्र लोक विसरतात. १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात दुकानातल्या गोळ्यांच्या बाटल्यांमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं गेली, त्यानंतर अमेरिकेत अशा औषधांना छेडछाड झाली तर दिसेल असं पॅकिंग सक्तीचं झालं. बाटलीच्या झाकणावरची ती पातळ प्लास्टिकची आवळलेली पट्टी आपण सहज फाडून टाकतो, पण 'हे माझ्या आधी कुणी उघडलेलं नाही' हा भरवसा ती देत असते. घरून खाण्याची वस्तू विकणाऱ्याला तर हा भरवसा मोठ्या कंपनीपेक्षा जास्त लागतो, कारण तुमचं नाव ग्राहकाने आधी ऐकलेलं नसतं.

आता तुमच्या बोचणीबद्दल, कारण ती मी बाजूला टाकलेली नाही. २०१७ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हिशोब मांडला होता की २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं, त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं, आणि त्या कचऱ्यातलं फक्त ९ टक्के रिसायकल झालं, १२ टक्के जाळलं, बाकीचं ७९ टक्के कचराडेपोत किंवा उघड्यावर. हे वाचून मलाही पोटात खड्डा पडतो. आणि प्लास्टिकचा सर्वात मोठा वापर पॅकिंगमध्येच होतो, म्हणजे आपल्याच धंद्यात. त्यामुळे घ्यायचं ते मोजून घ्यायचं, आणि पुढे त्याचं काय होईल हे घेतानाच बघायचं.

यात तुमच्या हातात बरंच आहे. ते वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि अॅल्युमिनियमचे थर चिकटवलेले पाउच रिसायकल करणं फार अवघड जातं, कारण थर सुटे होत नाहीत. बिस्किटांना तेवढ्या बंदोबस्ताची गरजच नाही, त्यांना एकाच जातीच्या प्लास्टिकचा पाउच पुरतो, मोनो-मटेरियल म्हणून मागा, सगळं पॉलिथिन किंवा सगळं पॉलिप्रॉपिलिन. थरांचा पाउच घ्यायचाच झाला तर फक्त मिक्ससाठी घ्या, आणि तेही आधी मोनो-मटेरियलमध्ये ऑक्सिजन अडवणारा पातळ थर असलेला मिळतो का ते विचारून. काळं प्लास्टिक टाळा, रिसायकलिंगच्या कारखान्यात प्लास्टिक ओळखायला जे इन्फ्रारेड किरणांचं यंत्र असतं त्याला काजळीचा काळा रंग दिसतच नाही, मग चांगलं प्लास्टिकही बाजूला पडतं. पाउचवर तो त्रिकोणातला आकडा छापून घ्या, १ म्हणजे पीईटी, ४ म्हणजे पातळ पिशव्यांचं पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, आणि ग्राहकाला एका ओळीत सांगा की रिकामा, कोरडा पाउच कुठल्या कचऱ्यात टाकायचा. खोक्यात मात्र प्लास्टिकचं काही काम नाही. बबल रॅपऐवजी चुरगाळलेला कागद भरा, पार्सलला कागदी टेप वापरा, पाउचवर आणखी एक पारदर्शक पिशवी, रिबीन, चमकी असलं काही नको. कागदाची खरी जागा तिथे आहे, धक्के सोसायला तो उत्तम.

कंपोस्टेबल म्हणून जे मिळतं त्याचाही मोह तुम्हाला होईल, म्हणून आधीच सांगते. पीएलए नावाचं जे मक्यासारख्या पिकांपासून करतात ते कुजतं, पण त्याला कारखान्यातल्या कंपोस्टची साठेक अंशांची ऊब लागते, घरच्या कुंडीत ते तसंच पडून राहतं, आणि ओलावाही ते पॉलिथिनइतका अडवत नाही. जवळपास तशी सोय नसेल तर त्याचा उपयोग फक्त लेबलवर होतो. कापडी पिशवीचंही असंच, ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशोब प्रसिद्ध केला होता की हवामानावरचा परिणाम बघितला तर साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी तीनदा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. त्यात रस्त्यावर आणि समुद्रात पडणाऱ्या कचऱ्याचा हिशोब नाही हेही खरं, त्यामुळे कुणी एवढ्यावर प्लास्टिकला निर्दोष ठरवू नये. पण वस्तू कशाची आहे एवढ्यावर चांगलं-वाईट ठरत नाही, ती किती वेळा आणि कशासाठी वापरली जाते त्यावर ठरतं.

एकदम हजारोंनी ऑर्डर देऊन मोकळ्या होऊ नका. दोन-तीन प्रकारच्या पाउचचे नमुने मागवा, प्रत्येकात दहा-दहा पुडे भरा, तारीख घाला, फडताळात ठेवा आणि दर आठवड्याला प्रत्येकातला एक उघडून दोघींनी खाऊन बघा, वहीत लिहा. एखाददुसरा खिडकीपाशी उन्हात ठेवा. एक पार्सल कुरिअरने स्वतःच्याच पत्त्यावर मागवा, मग कळेल आपला माल वाटेत काय काय सोसतो. दोन महिने जातील. पण मग पाकिटावर जी टिकण्याची मुदत छापाल ती तुमच्या जिभेने तपासलेली असेल, आणि बहिणीशी वादही वहीतल्या नोंदींवर होईल, हट्टावर नाही.

लोक काय म्हणतील, याचं उत्तर सोपं आहे, त्यांना खरं काय ते सांगा. 'आम्ही कागद करून बघितला, माल खराब होऊन फेकावा लागला, ते आम्हाला जास्त वाईट वाटलं, म्हणून खाण्याच्या वस्तूंना एकाच जातीच्या प्लास्टिकचा पाउच आणि बाकी सगळं कागदात', एवढ्या तीन-चार ओळी पार्सलमध्ये चिठ्ठी म्हणून घाला. ज्यांनी तुम्हाला तो प्रश्न विचारला होता त्यांना मनापासून काळजी होती म्हणूनच विचारला ना, मग त्यांना हे कळेल. काही जण तरीही सोडून जातील. मऊ बिस्किटांमुळे जे न सांगता गेले त्यांच्यापेक्षा ते कमीच असतील असं मला वाटतं.

राहिले ते उरलेले कागदी पाउच. आज एक काम करा, त्यातला एक तासभर पाण्यात भिजवा आणि कोपऱ्यातून हळूहळू फाडा. नुसता कागद असेल तर लगदा होऊन सुटेल. पण आतून पातळ, ताणला जाणारा पापुद्रा निघाला तर ते आतून प्लास्टिकचा थर दिलेले पाउच आहेत, कागदाच्या रद्दीतही नीट जात नाहीत आणि प्लास्टिकमध्येही नाहीत, बरेच विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी पाउच फेकू नका, वाळलेले साबण त्यात जाऊ देत, तोंड घट्ट बंद न करता. लगदा झाला तर त्यावरचं 'प्लास्टिकमुक्त' तसंच ठेवा, ते खरं आहे. पापुद्रा निघाला तर त्या शब्दावर स्टिकर लावायला दोघी मिळून बसा, आजच.